रात्रीची लाईट आणि चंद्रपूरची खदान

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या कुठल्याही बागायती गावात हिवाळ्याच्या रात्री दहानंतर बाहेर पडलात, तर उसाच्या कडेने बॅटरीचे उजेड हलताना दिसतील. लाईटची पाळी रात्रीची असली की मोटर चालू करायला आणि दारं धरायला कुणाला तरी रानात जावंच लागतं. शेतीपंपांना थ्री फेज वीज वर्षानुवर्षं अशीच मिळत आली आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठ-दहा तास.

माझे वडीलही जायचे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशात मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी. गाणी त्यांच्यासाठी नव्हती, बिबट्यासाठी होती. माणूस येतोय हे त्याला आधी कळावं, म्हणजे तो बाजूला होईल, असा हिशोब. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला घर मिळालं. आमच्याकडची पिढीच्या पिढी या भीतीत मोठी झाली.

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर माझा रूममेट चंद्रपूरचा होता, दुर्गापूरच्या बाजूचा. त्याचे वडील कोळसा खाणीत डंपर चालवायचे. मी एकदा त्याला रात्रीच्या लाईटचं आणि बिबट्याचं सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तुमची लाईट आमच्याकडूनच येते ना बे. अन् बिबट आमच्याकडं पण आहे. खदानीच्या ढिगाऱ्यात राहते."

तेव्हा मी हसलो होतो. पुढे कधीतरी ती गोष्ट डोक्यात पुन्हा आली आणि मी तिचा माग काढायला लागलो. हा लेख त्या मागावरचा आहे. आमच्या मोटरीपासून सुरू होतो, पण आहे तो चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणींबद्दल. त्या कशा सुरू झाल्या, कशा चालल्या, आणि त्यांचा शेवट होतो तेव्हा नेमकं काय होतं.

आमच्याकडे का नाही?

पहिला प्रश्न साधा आहे. कोळसा चंद्रपुरात आहे, मग जुन्नरला का नाही?

कोळशाचं वय बघा. विदर्भातला कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. भारत तेव्हा आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाला चिकटलेल्या गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होता. (हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच दिलेलं आहे.) खोलगट दऱ्यांमधून नद्या वाहत होत्या, दलदलीत झाडं पडत होती, त्यांच्यावर वाळू-चिखल साचत होता. त्याचाच पुढे कोळसा झाला. महाराष्ट्रात हे खडक आज मुख्यतः वर्धा नदीचं खोरं आणि नागपूरच्या आसपासचा भाग इथे सापडतात.

आपला सह्याद्री त्या मानाने तरुण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून काळा बेसॉल्ट तयार झाला. शिवनेरी, नाणेघाट, जुन्नरची लेणी हे सगळं त्या बेसॉल्टमध्ये आहे. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधन विहिरी खोदल्या, तेव्हा सुमारे हजार-बाराशे मीटर खाली गेल्यावर बेसॉल्ट संपला आणि खाली थेट ग्रॅनाईट लागला. मध्ये कोळशाचा थर नव्हता.

म्हणजे महाराष्ट्राचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग यांच्यात निसर्गाने एक वाटणी करून ठेवली होती. आमच्या वाट्याला घाट, पाऊस आणि धरणाच्या जागा आल्या. त्यांच्या वाट्याला कोळसा. पुढे वीज आली, तारा ओढल्या गेल्या, आणि ही वाटणी एका सर्किटमध्ये जोडली गेली.

वरोऱ्याचा पहिला धडा

वरोरा हे नाव आपण आनंदवनामुळे ओळखतो. पण बाबा आमटे तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी वरोरा कोळशासाठी प्रसिद्ध होतं. १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने तिथे खाण सुरू केली. कोळसा बाहेर काढण्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटाही टाकला. रेल्वेला कोळसा हवा होता आणि कोळशाला रेल्वे, असा तो व्यवहार.

ती खाण भूमिगत होती. उभी विहीर खणायची, कोळशाच्या थरापर्यंत पोहोचायचं आणि थरात आडवे बोगदे काढायचे. छत कोसळू नये म्हणून मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडून द्यायचे. म्हणजे थरातला बराचसा कोळसा खांबांच्या रूपाने आतच राहायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. जेमतेम पस्तीस वर्षांचं आयुष्य. तोवर लक्ष दक्षिणेकडे, बल्लारपूरकडे सरकलं होतं. मग चंद्रपूर शहराच्या कडेला महाकाली आणि लालपेठ, वर्धा नदीजवळ घुग्घुस, पलीकडे राजुऱ्याच्या बाजूला सास्ती अशी खाणींची रांग उभी राहिली. खाणमालक खासगी होते. मजूर स्थानिक होते, तसेच तेलंगणातून, छत्तीसगडातून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले. आजही चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजारात मराठी, हिंदी आणि तेलुगू एकाच वाक्यात ऐकू येते, त्याचं एक कारण या खाणी आहेत.

वरोऱ्याने एक पद्धत घालून दिली. खाण येते, तिच्याबरोबर रेल्वे येते, बाजार येतो. कोळसा संपला की खाण पुढच्या गावाला जाते. मागे राहिलेल्या पोकळीचं काय करायचं, याचं उत्तर तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं.

जमीन उलगडणारी खाण

मोठा बदल १९७३ मध्ये झाला. ३० जानेवारीला सरकारने खासगी कोळसा खाणींचा कारभार हाती घेतला आणि १ मेपासून त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. तिच्या छत्राखाली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड आली. विदर्भातली वर्तमानपत्रं तिला 'वेकोलि' म्हणतात आणि मीही इथे तेच म्हणतो.

त्याच दशकात तेलाचे भाव भडकले. देशाला वीज हवी होती, ती लवकर हवी होती आणि देशातल्याच इंधनावर हवी होती. भूमिगत खाणीतून कोळसा हळू निघतो. म्हणून भर उघड्या खाणींवर गेला. नागपूर जिल्ह्यात उमरेडला १९६० च्या दशकातच अशी मोठी खाण सुरू झाली होती. पुढच्या काळात चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, नायगाव, निलजई, मुंगोली अशा उघड्या खाणी पसरत गेल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातला बहुतांश कोळसा जमिनीखाली जाऊन काढला जात होता. आज नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा उघड्या खाणींतून येतो.

उघडी खाण म्हणजे काय, हे मला मित्राच्या वडिलांनी एका वाक्यात सांगितलं होतं. "घराचं छप्पर काढून आतलं सामान न्यायचं." भूमिगत खाणीत दारातून आत जायचं असतं. इथे छप्परच उचलायचं.

काम क्रमाने चालतं. आधी वरची काळी माती काढून बाजूला ठेवायची. मग खालच्या खडकात भोकं पाडायची, त्यांत स्फोटकं भरून सुरुंग उडवायचे. फुटलेला दगड मोठ्या शॉवेलने उचलून डंपरमध्ये भरायचा आणि दूर नेऊन टाकायचा. कोळशावरच्या या सगळ्या माती-दगडाला खाणीच्या भाषेत 'ओबी' म्हणतात आणि तो टाकून तयार झालेल्या टेकडीला 'डंप'. खड्ड्याच्या बाजू सरळ कापत नाहीत. त्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात, म्हणजे डंपर चालू शकतात आणि कडा ढासळत नाही. सगळ्यात खाली कोळशाचा थर. वर्धा खोऱ्यात तो काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाड आहे, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीइतका. तळाशी साचणारं पाणी पंपांनी सतत बाहेर फेकत राहावं लागतं. पंप थांबला तर खाण तळं होते.

खाणीच्या बाजूलाच ग्राहक उभा राहिला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुर्गापूरच्या शेजारी चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झालं. संच वाढत गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी ५०० किलोव्होल्टची, दीड हजार मेगावॅट क्षमतेची डीसी लाईन सुरू झाली. अंतर सुमारे साडेसातशे किलोमीटर. आमच्याकडून नाणेघाट उतरून कल्याणच्या दिशेने गेलं की पडघे फार लांब राहत नाही. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल घाट उतरून कल्याण बंदराकडे जायचा. आता विदर्भाचा कोळसा, न हलता, तारेतून त्याच कल्याणच्या भागात पोहोचतो.

एका रात्रीचा हिशोब

सॉफ्टवेअरवाल्याला सवय असते, एखादी गोष्ट समजली नाही की आकडे मांडून बघायचे. तर आमच्या एका रात्रीचा हिशोब असा.

पाच एचपीची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. आठ तास चालली तर तीस युनिट. आपल्या औष्णिक केंद्रांत एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. तारेतली गळती सोडून दिली तरी तीस युनिटला एकवीस किलो. एक टन कोळशामागे चार घनमीटर ओबी काढावा लागला असं धरलं, तर या एकवीस किलोंसाठी पावणेदोनशे ते दोनशे किलो दगड-माती बाजूला टाकावी लागते. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण जास्त असल्यामुळे शेवटी सात-आठ किलो राख उरते.

ग्रिडमधल्या विजेवर नाव लिहिलेलं नसतं. त्यात कोयनेचं पाणी असतं, साताऱ्याचा वारा असतो, दुपारचं ऊन असतं. पण रात्री ऊन नसतं. रात्रीच्या विजेचा मोठा भार कोळशावरच असतो.

म्हणजे वडील एका रात्रीत अर्धा-पाऊण एकर ऊस भिजवत होते, तेव्हा आठशे किलोमीटरवर कुठेतरी दोन क्विंटल जमीन एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली जात होती. एका मोटरीसाठी. जुन्नर-आंबेगावात अशा मोटरी हजारोंनी आहेत.

जमीन द्या, नोकरी घ्या

ती जमीन कुणाची तरी होती. कोळशासाठी जमीन घ्यायला १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. नेहमीच्या भूसंपादनापेक्षा त्यात सरकारचा हात बराच मोकळा असतो. बदल्यात मोबदला मिळतो आणि कोल इंडियाच्या धोरणानुसार ढोबळमानाने दोन एकरामागे एक नोकरी. ज्याची जमीन दोन एकर भरत नाही, त्याला इतरांबरोबर जमीन एकत्र दाखवावी लागते. ज्याची जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात राबायचा, त्याला या हिशोबात जागा नाही.

तरीही ही नोकरी फार मोठी गोष्ट होती. कोरडवाहू कापूस-तुरीच्या शेतीतून उठून माणूस महिन्याच्या पगाराला लागला. क्वार्टर, दवाखाना, पोरांची शाळा, निवृत्तीनंतर पैसे. माझा मित्र इंजिनिअर झाला तो त्या डंपरच्या जोरावर, हे तो स्वतः सांगतो. खाणीने फक्त नुकसान केलं असं म्हणणं त्याच्या घरावर अन्याय होईल.

आंबेगावकरांना हा व्यवहार परका वाटू नये. घोड नदीवर डिंभे धरण झालं, तेव्हा ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नावाचं गाव जलाशयाच्या तळाशी आहे. वरच्या आदिवासी गावांची जमीन गेली, खालच्या गावांना पाणी मिळालं. फरक एवढाच की धरण दरवर्षी भरतं. खाण एकदाच रिकामी होते.

खाण म्हातारी होते म्हणजे

कोळशाचा थर जमिनीत सपाट नसतो. तो तिरका उतरत जातो. एका टोकाला तो पृष्ठभागाजवळ असतो, तिथून खाण सुरू होते. सुरुवातीची वर्षं सोपी, थोडा ओबी काढला की कोळसा. मग थर खोल जात राहतो. तेवढ्याच कोळशासाठी दरवर्षी जास्त दगड काढावा लागतो, डंपरला जास्त लांब आणि जास्त चढ चढावा लागतो, पाणी जास्त उपसावं लागतं. एक दिवस असा येतो की टनाचा खर्च टनाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. खाली कोळसा असतो, पण तो काढणं परवडत नाही. बहुतेक उघड्या खाणी अशाच संपतात. कोळसा संपायच्या आधी हिशोब संपतो.

वेकोलिच्या अनेक खाणी या टप्प्यावर आल्या. काही खाणींच्या बाबतीत वीज कंपन्यांशी 'खर्च अधिक नफा' अशा दराने करार झाले. नेहमीच्या दराने तोट्यात जाणारी खाण ग्राहकाने जास्त किंमत मोजून चालू ठेवायची. म्हाताऱ्या खाणीला सलाईन लावण्याचाच हा प्रकार.

दुसरी अडचण इतिहासाने ठेवलेली होती. जुन्या भूमिगत खाणीत सोडलेले कोळशाचे खांब आठवतात? चंद्रपूरजवळच्या लालपेठसारख्या ठिकाणी त्याच जुन्या खाणीवर पुढे उघडी खाण काढून ते खांब खणायला घेतले. पण कोळशाला हवा लागली की तो आतल्या आत तापतो आणि पेट घेतो, काडी न लावता. जुने पोकळ बोगदे म्हणजे हवेला आयत्या वाटा. एका पिढीने सुरक्षिततेसाठी सोडलेले खांब दुसऱ्या पिढीच्या खाणीत धुमसायला लागतात.

तिसरा बदल माणसांचा. ओबी काढण्याचं काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेलं. शॉवेल मोठे झाले, डंपर मोठे झाले. कायम कामगार निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा त्याच प्रमाणात भरल्या गेल्या नाहीत. आज त्याच खड्ड्यात मित्राच्या वडिलांच्या वयाचा कायम ड्रायव्हर आणि विशीतला कंत्राटी ड्रायव्हर शेजारी शेजारी गाडी चालवतात. काम तेच, पगाराची चिठ्ठी वेगळी.

कधी कधी खाण म्हातारी न होताच थांबते. भद्रावती तालुक्यातल्या बरांजची उघडी खाण कर्नाटकातल्या वीज केंद्रासाठी चालत होती. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून वाटलेल्या कोळसा पट्ट्यांपैकी २०४ पट्ट्यांचं वाटप रद्द केलं. चालू असलेल्या खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत दिली. बरांज त्यांतली. भ्रष्टाचाराविरुद्धचा निकाल म्हणून देशभर त्याचं स्वागत झालं. बरांजमध्ये मात्र काम थांबलं, मजूर घरी बसले आणि गावाच्या पुनर्वसनाचा प्रश्न लोंबकळत राहिला. अर्ध्या खणलेल्या खड्ड्याच्या काठावर अर्धं उठलेलं गाव. काही वर्षांनी ती खाण पुन्हा सुरू झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खाणी म्हाताऱ्या होतात, कोळसा नाही. २०२४-२५ मध्ये भारताने पहिल्यांदाच एका वर्षात शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. चंद्रपूर वीज केंद्राचे सर्वांत जुने २१० मेगावॅटचे दोन संच बंद झाले, पण ५०० मेगावॅटचे दोन नवे संच आले. केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. एक खड्डा सोडून पुढचा उघडणं म्हणजे कोळशाचा अंत नव्हे. ती वरोऱ्याचीच पद्धत आहे, मशिन मोठं झालंय इतकंच.

जे मागे राहतं

मग मागे काय राहतं?

आधी टेकड्या. खड्ड्यातून काढलेला दगड फुटल्यावर फुगतो, त्यामुळे तो परत भरला तरी सगळा मावत नाही. चंद्रपूरहून घुग्घुसकडे जाताना सपाट काळ्या जमिनीवर उगवलेल्या या टेकड्या दिसतात. वरचा भाग टेबलासारखा सपाट आणि अंगभर वेडी बाभूळ. काही डंप नदीपासून फार लांब नाहीत. पावसाळ्यात त्यांची माती वाहते.

दुसरं, पाणी. पंप थांबले की शेवटचा खड्डा भरत जातो. वरून तो निळाशार दिसतो, फोटो छान येतात. पण त्याला उतरता काठ नसतो. जनावर किंवा माणूस घसरलं तर बाहेर यायला वाट सापडत नाही.

तिसरं, पोकळी. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या शेकडो लोकांना घरं सोडावी लागली. त्या वस्तीखाली जुन्या काळातली भूमिगत खाण होती. काम थांबून कितीतरी वर्षं झाली होती. जमिनीच्या लेखी मात्र ते संपलेलं नव्हतं.

आणि चौथं, जनावरं. दुर्गापूरच्या खाणी आणि वीज केंद्र ताडोबाच्या जंगलाला लागून आहेत. बाभळीने झाकलेले डंप, वीज केंद्राच्या आवारातलं झुडूप, बारमाही पाणी, आणि वस्तीतली कुत्री-डुकरं. बिबट्याला आणखी काय हवं? फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात एक कंत्राटी कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला. त्याच आठवड्यात दुर्गापूरच्या वस्तीत बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. बातमी वाचल्यावर मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "सांगितलं होतं ना तुले."

आमच्याकडे ऊस, त्यांच्याकडे डंप. दोन्ही माणसाने उभे केलेले, दोन्ही जंगलासारखे दिसणारे. दोन्हीकडे रात्री कामावर जाणारा माणूस सारख्याच भीतीत. आणि या दोन टोकांच्या मधे तीच तार.

खड्ड्याचं खातं

२००९ मध्ये कोळसा मंत्रालयाने नियम आणले, की खाण बंद कशी करणार याचा आराखडा आधीच द्यायचा आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात साठवायचे. त्या वेळच्या किमतीनुसार उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख रुपये आणि भूमिगत खाणीला एक लाख. कल्पना चांगली आहे. खड्डा खणतानाच तो बुजवण्याची वर्गणी काढायची. पण त्याआधी ज्या खाणींचं काम संपलं, त्यांच्यासाठी असं खातं कुणी उघडलेलं नव्हतं.

वेकोलिने काही प्रयोगही केले. सावनेरजवळ खाण पर्यटनाचा इको पार्क केला, खाणीतलं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं, ओबीतून वाळू वेगळी काढून घरकुलांना दिली. यांची चेष्टा करायचं कारण नाही. कचऱ्याकडे माल म्हणून बघणं हीही सुरुवातच आहे. पण खाणींनी उपटलेला विस्तार आणि या प्रयोगांचा आकार यांची तुलना केली, तर अजून बरंच बाकी आहे हे कळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण होते. देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक भागांत चौथा क्रमांक.

आमच्याकडे आता बदलाचं वारं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणून दिवसा वीज द्यायची, असं सरकारचं धोरण आहे. बिबट्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची ही जुनी मागणी. ती पूर्ण व्हायलाच हवी. रात्रीचं दारं धरणं ज्याच्या घरात झालंय, त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पण दिवसाची लाईट आली की आमचा चंद्रपूरशी असलेला संबंध संपेल का? चाळीस वर्षं तिथला दगड आमच्या मोटरीसाठी उचलला गेला. त्या वीजबिलात डंपवर झाडं लावण्याचा, घुग्घुसच्या घरांचा, बरांजच्या राहिलेल्या गावाचा खर्च कधी धरलाच नव्हता. वीज स्वस्त पडली, त्याचं एक कारण तेही आहे. स्वच्छ विजेकडे जाताना जुन्या विजेची थकबाकी बुडवायची नसेल, तर ती मागणी फक्त चंद्रपूरच्या लोकांनी का करायची? ज्यांनी वीज वापरली त्यांनीही करायला हवी. जुन्नरने, पुण्याने, मुंबईने.

गेल्या दिवाळीत मी वडिलांना हे सगळं सांगितलं. मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून दुर्गापूरचा खड्डा दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, डंपच्या टेकड्या बघितल्या, कडेची घरं बघितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण विहीर खणतो तेव्हा दगड कुठं टाकायचा हे आधी ठरवतो. नाहीतर शेजारी खणूच देत नाही."

मग त्यांनी मोबाईल परत दिला आणि रात्रीच्या पाळीसाठी बॅटरी चार्जिंगला लावली.